राजवाड्याचं तोंड

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे निघायच्या आधी ऑफिसातल्या किमान सहा जणांनी मला बजावलं होतं. तरीही पहिल्याच रविवारी सकाळी मी दूध शोधायला बाहेर पडलो. पुणेकर माणूस, 'बंद' म्हणजे दुपारी एक ते चार एवढंच डोक्यात!

ही २०१४ सालची गोष्ट. गावाचं नाव ब्राउनश्वाइग. उत्तर जर्मनीत हानोव्हरच्या पूर्वेला, अडीचेक लाख वस्तीचं. आमचं काम वोल्फ्सबुर्गला होतं (आपल्या चाकणला २००९ पासून ज्या गाड्या बनताहेत त्यांचं माहेर). पण तिथे राहण्यापेक्षा ब्राउनश्वाइगला राहा, गाव बरं आहे, रेल्वेनं वीसेक मिनिटं लागतात, असं सगळ्यांनी सुचवलं. राहिलो.

तर दूध मिळालं नाहीच. पण ट्राम जाते त्या बोलवेग नावाच्या रस्त्यावर आलो आणि समोर एकदम राजवाडा! शंभर मीटरहून लांब दगडी दर्शनी भाग, मध्ये उंच खांब, पुढे मोकळ्या चौकात घोड्यावर बसलेले दोन ड्यूक, आणि छपरावर चार घोड्यांचा प्रचंड रथ हाकणारी एक बाई. मी लगेच फोटो काढून बाबांना व्हॉट्सअॅपवर टाकला, "राजवाडा". मग पायऱ्या चढून काचेच्या दाराशी गेलो. दारावर वेळापत्रक होतं. सोमवार ते शनिवार, इतके ते इतके. आत अंधारात सरकते जिने थांबलेले, आणि मागे एका कपड्याच्या दुकानाची पाटी.

तेवढ्यात बाबांचा मेसेज आला. "कुठल्या राजाचा?"

काय उत्तर देणार? "मॉल आहे," एवढंच लिहिलं.

सोमवारी टीममधल्या जर्मन सहकाऱ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "तो राजवाडा आणि माझी मुलगी एका वयाची आहेत. ती पहिलीत जाते."

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. या जागेवर ड्यूकचा एक जुना वाडा होता. १८३० च्या जुलैत पॅरिसात क्रांती झाली, तिचं वारं इथवर आलं आणि सप्टेंबरमध्ये गावकऱ्यांनी तो वाडा जाळला. दुसरा कार्ल नावाचा ड्यूक पळून गेला. (आपला शनिवारवाडा जळाला १८२८ मध्ये. दोन वर्षांचं अंतर. अर्थात आपला लोकांनी जाळला नव्हता.) मग धाकटा भाऊ गादीवर आला आणि कार्ल थिओडोर ओटमर नावाच्या वास्तुकारानं १८३३ ते १८४१ या काळात नवा राजवाडा बांधला. तोच हा, म्हणजे याचा चेहरा. १८६५ मध्ये त्यालाही एकदा मोठी आग लागली, डागडुजी झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये शेवटच्या ड्यूकनं गादी सोडली. १९३५ पासून नाझींच्या एसएसनं तिथे अधिकारी घडवायची शाळा चालवली. आणि मग बॉम्ब. १५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री तर जुन्या गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग जळून गेला. राजवाडाही युद्धात होरपळला, पण भिंती उभ्या राहिल्या. पुढची पंधरा वर्षं त्याचं काय करायचं यावर गाव भांडत राहिलं आणि शेवटी १९६० मध्ये, लोकांचा विरोध असताना, तो पाडून टाकला. जागेवर बाग केली. बर्लिनचा राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारनं १९५० मध्ये पाडला हे आपण वाचलेलं असतं, कम्युनिस्टांनी पाडला वगैरे. हा पश्चिमेत पाडला. असो.

बाग चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकली. मग हॅम्बुर्गची एक मोठी मॉल बांधणारी कंपनी आली, नगरपालिकेशी करार झाला, २००५ मध्ये झाडं तोडली गेली आणि मार्च २००७ मध्ये मॉल उघडला. नाव 'श्लोस-आर्काडेन'. श्लोस म्हणजे राजवाडा. दीडशेच्या आसपास दुकानं, विक्रीची जागा तीस हजार चौरस मीटर, आपल्या हिशेबात सुमारे सव्वातीन लाख चौरस फूट. करारातली मेख अशी की मॉलच्या पुढच्या बाजूला जुन्या राजवाड्याचा दर्शनी भाग जसाच्या तसा पुन्हा बांधायचा. तसा तो बांधला. छपरावरचा रथ पुढच्या वर्षी, २००८ मध्ये चढवला.

आता वास्तू म्हणून ही भानगड कशी दिसते ते सांगतो. समोरून बघाल तर शंका यायचं कारण नाही. दगड खरा आहे, कोरीवकाम खरं आहे, प्लास्टर ऑफ पॅरिसचं लग्नाचं डेकोरेशन नव्हे. खांबांमधून आत गेलात की थोड्याच पावलांत छत काचेचं होतं, जमीन गुळगुळीत होते आणि तुम्ही कुठल्याही देशातल्या कुठल्याही मॉलमध्ये असता. तोच परफ्यूमचा वास, तेच बूट. पण खरी मजा बाजूनं बघण्यात आहे. तिथे सांधा दिसतो. एकीकडे राजवाड्याची पिवळसर दगडी भिंत, खिडक्यांवर नक्षी. ती जिथे संपते तिथे मॉलचा सपाट ठोकळा सुरू होतो. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखे नुसते टेकलेले. मागच्या बाजूला गेलात तर मालाचे ट्रक, पार्किंगचा रॅम्प. ड्यूक महाशयांच्या शयनगृहाच्या जागी बहुधा मोज्यांचं दुकान असावं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. फसाड पॅटर्न. १९९४ च्या त्या चार लेखकांच्या 'डिझाइन पॅटर्न्स'मधला. आत कितीही गुंता असू दे, बाहेरच्याला एकच साधं सोपं तोंड दाखवायचं. शब्द त्यांनी इमारतींवरूनच घेतलाय. इथे मात्र उलटं झालंय. आत साधे सरळ चौकोनी डबे, आणि तोंड गुंतागुंतीचं. कोड रिव्ह्यूला आलं असतं तर मी परत पाठवलं असतं!

आणि खरंच, पहिले काही महिने मी तेच करत होतो. कोणीही पाहुणा आला की त्याला तिथे न्यायचं, आधी पुढून दाखवायचं, "वा वा" म्हणू द्यायचं आणि मग बाजूला नेऊन सांधा दाखवायचा. खोटेपणा पकडल्याचा एक आनंद असतो. पुण्यात तो वारसाहक्कानं मिळतो.

पण त्या गावात खरं-खोटं पकडायला गेलं की माणूस लवकरच गोत्यात येतो. गावाची खूण म्हणजे हाइनरिश द लायन नावाच्या बाराव्या शतकातल्या सरदारानं उभा केलेला काशाचा सिंह. किल्ल्यापुढच्या चौकात तो उभा आहे. म्हणजे त्याची प्रतिकृती उभी आहे; मूळ सिंह आत संग्रहालयात. आणि तो किल्ला? मध्ययुगीन दिसतो, पण आजचं बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभं केलेलं. १५३४ सालचं एक सुंदर लाकडी वजनघर आहे, पाच मिनिटं आ वासून बघावं असं. ते १९४४ मध्ये पूर्ण जळालं आणि १९९० ते १९९४ मध्ये पुन्हा बांधलं. गाउस याच गावात १७७७ मध्ये जन्मला. मी मोठ्या भक्तिभावानं त्याचं घर बघायला गेलो. ते बॉम्बमध्ये गेलं, पाटी आहे. युद्धानंतर इथल्या लोकांनी ठरवलं की सगळं गाव तर जुन्यासारखं करता येणार नाही, मग काही तुकडे तेवढे जपू. त्यांना ते 'परंपरेची बेटं' म्हणतात. मधल्या समुद्रात १९५०-६० च्या दशकातले रुंद रस्ते आणि काँक्रीटचे ठोकळे.

अशाच एका बेटावर, लाकडी चौकटींच्या जुन्या घरांना लागून, राजवाड्यापासून चार पावलांवर एक वेगळाच प्रकार आहे. २००१ सालचं रिझी हाऊस. जेम्स रिझी नावाच्या न्यूयॉर्कच्या चित्रकाराच्या कल्पनेतून आलेलं. भिंतींवर हसरे चेहरे, वेड्यावाकड्या खिडक्या, रंग तर विचारू नका. बालवाडीच्या वहीतून उठून आल्यासारखं. आहे ते ऑफिसांचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. पण हळूहळू आवडायला लागलं. निदान ते कोणाचं वय चोरत नव्हतं.

माझी घरमालकीण सत्तरीच्या पुढची. १९६० साली कॉलेजात होती. तिला मी एकदा विचारलं, राजवाडा परत आला तेव्हा कसं वाटलं? तिला वाटलं असणार की मला काहीतरी भावपूर्ण ऐकायचंय, कारण ती बराच वेळ चहा ढवळत बसली. मग म्हणाली, "पाडला तेव्हा माझ्या वडिलांना वाईट वाटलं होतं. मला नाही फार वाटलं. एसएसची पोरं तिथून बाहेर पडायची ते आई सांगायची. मला वाईट वाटलं ते झाडं तोडली तेव्हा. माझी दोन्ही मुलं त्या बागेत सायकल शिकली."

"आणि आता?"

"आता मी तिथे चपला घेते. काय करणार, ट्राम दारात थांबते."

त्या वर्षी मे महिन्यात बाबा आले, दोन महिन्यांसाठी. आई गेल्यानंतरचं त्यांचं पहिलंच मोठं फिरणं. मी सकाळी सातला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सहाला यायचो, त्यामुळे दिवसभर ते आणि गाव. बाबांचा सगळा जन्म पेठेतल्या वाड्यात गेलेला. घरात बसून राहणं म्हणजे आजारी असणं अशी त्यांची व्याख्या. सकाळी फिरायला जायचे. दुपारी पाऊस यायचा. पाऊस आला की माणूस जिथे जाईल तिथेच तेही गेले, मॉलमध्ये.

पहिल्या दिवशी संध्याकाळी जरा नाराज दिसले. विचारलं तर म्हणाले, "तासभर बाकावर बसलो. कोणी काही बोललं नाही. पण समोरच्या दुकानातली मुलगी दोनदा बघून गेली, तो सिक्युरिटीवाला दोनदा बघून गेला. मग आपल्यालाच वाटायला लागतं की काहीतरी घ्यायला हवं. दोनशे रुपयांची कॉफी प्यालो." बाबा बँकेतून निवृत्त झालेले. युरोचं रुपयांत रूपांतर त्यांच्या डोक्यात माझ्या फोनपेक्षा लवकर व्हायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र खुशीत होते. "अरे, तुझ्या त्या खोट्या राजवाड्यात लायब्ररी आहे, तू बोलला नाहीस!"

खरं सांगायचं तर मला नीट माहीतच नव्हतं. इतक्या जणांना सांधा दाखवला, पण मधल्या भागात काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. राजवाड्याच्या त्या दर्शनी पट्ट्यात दुकानं नाहीत. तिथे नगरपालिकेचं ग्रंथालय आहे, गावाचं दप्तरखानं आहे, छोटा कार्यक्रम करता येईल असं सभागृह आहे, आणि २०११ पासून राजवाड्याचं एक छोटं संग्रहालय. बाबांचा तिथे मुक्काम पडला तो पडलाच. कार्ड लागत नाही, तिकीट लागत नाही, बसायला खुर्ची, खिडकीतून खाली ट्राम. इंग्रजी पेपर वाचायचे. एक तुर्की आजोबा रोज यायचे, त्यांच्याशी मैत्री झाली. दोघांना मिळून एकही समान भाषा येत नव्हती. तरी रोज संध्याकाळी बाबा त्यांच्या गुडघेदुखीची ताजी बातमी मला द्यायचे. कशी कळायची देव जाणे.

एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं समोरच्या चौकात उभे होतो. घोड्यावरच्या दोन ड्यूकांपैकी एक गाउसचा आश्रयदाता, कार्ल विल्हेल्म फर्डिनांड. यानं गाउसच्या शिक्षणाचा खर्च केला आणि गाउसनं १८०१ मधला आपला अंकगणितावरचा थोर ग्रंथ त्याला अर्पण केला. मी हे सगळं तावातावानं सांगत होतो, की बघा, ज्या माणसानं गाउसला शिकवलं त्याला इथे सेलच्या पाट्यांची राखण करायला बसवलंय. बाबांचं लक्ष नव्हतं. ते भिंतीकडे बघत होते.

"हे मध्येमध्ये काळे दगड कसले?"

खरंच होते. नव्या फिकट दगडांत अधूनमधून गडद, झिजलेले दगड, धोतराला लावलेल्या ठिगळासारखे. ते मूळ राजवाड्याचे. सहाशेच्या आसपास तुकडे या नव्या भिंतीत पुन्हा बसवलेत.

"पाडला साठ साली म्हणालास ना? मग मधली पंचेचाळीस वर्षं हे दगड कुठे होते?"

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. काही पालिकेनं ठेवून दिले होते, काही जमिनीत पुरले गेले होते ते उकरून काढले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे शनिवारवाड्याला दरवाजा खरा आहे, मागे वाडाच नाही. इथे दरवाजा खोटा आणि मागे भरलेला बाजार." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तू गेले दोन महिने येणाऱ्याजाणाऱ्याला हे दाखवतोस, नावं ठेवतोस. आपलं दार भिंतीवर टांगायला हो कोण म्हणालं होतं?"

मी म्हटलं होतं.

आता इथे घरची थोडी हकीगत सांगायला हवी. आमचा पेठेतला वाडा तेव्हा पाडायला निघाला होता. सात भाडेकरू, काहींची भाडी अजून दोन आकडी, मागची भिंत पावसाळ्यात ओली ती मार्चपर्यंत ओली. पाडण्यावर आमच्यात दुमत नव्हतं. बिल्डरनं दिलेल्या रंगीत चित्रांत मात्र एक गोष्ट होती. आमचं जुनं सागवानी दार, दिंडीसकट, पितळी कड्यांसकट, नव्या इमारतीच्या लॉबीत भिंतीवर लावलेलं. वरून दोन दिवे सोडलेले. खाली 'हेरिटेज एलिमेंट' असं लिहिलेलं. मी आणि माझा चुलतभाऊ, आम्हा दोघांना ते फार आवडलं होतं. ई-मेलवर लगेच अंगठे दाखवले. एकट्या बाबांनी सही करायची ठेवली होती आणि का ते सांगत नव्हते. मला वाटलं, म्हातारं माणूस, जीव अडकलाय.

त्या चौकात उभं राहून मला पहिल्यांदा दिसलं की मी ज्याच्यावर हसत होतो तेच पुण्यात मंजूर करून आलो होतो. उलट हॅम्बुर्गवाल्यांचं बरं. त्यांच्या दारातून निदान ये-जा तरी होते. आमचं तर उघडणारच नव्हतं.

"मग काय करायचं बाबा? दार विकून टाकायचं?"

"विका नाहीतर ठेवा. दाराचं काय घेऊन बसलास? मी त्या नकाशात ओटा शोधतोय. ओटा कुठेय?"

ज्यांनी वाडे बघितले नाहीत त्यांच्यासाठी: ओटा म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना रस्त्याला लागून असलेला दगडी कट्टा. तो आमचा होता, पण आमचा नव्हताही. पोस्टमन तिथे टेकायचा, कल्हईवाला तिथे भांडी मांडायचा, शाळेतून येणारी पोरं तिथे दप्तर टाकून भांडायची. कोणी कधी विचारून बसलं नाही. आई दुपारी निवडटिपण घेऊन बसायची. आजोबा गेले त्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं सकाळपासून तिथेच बसून होती.

मला घरमालकिणीची बाग आठवली. या एवढ्याशा जागेचे मालक किती झाले बघा. आधी ड्यूकचा राजवाडा, सामान्य माणसानं बाहेरून बघायचा. मग एसएस. मग बाग, कोणीही या, बसा, सायकल शिका. मग मॉल, कोणीही या, पण काहीतरी घ्या. आणि त्या मॉलच्या पुढ्यात, खोट्या म्हणून मी हिणवत होतो नेमक्या त्याच पट्ट्यात, पुन्हा एक खोली जिथे पुण्याहून आलेला निवृत्त बँकवाला आणि एक तुर्की म्हातारा दिवसभर फुकट बसू शकतात. इतके महिने मी दगडाचं वय मोजत होतो. घरमालकीण आणि बाबा, दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांचा हिशेब बसण्याच्या जागेचा होता.

म्हणून मॉल चांगला ठरतो असं मी म्हणत नाही. बाग राहिली असती आणि ग्रंथालयही झालं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. झाडं तोडून वर खांब उभारले की लोकांना खांबांचंच कौतुक वाटतं, हा त्या चेहऱ्याचा खरा उपयोग, असंही मला अजून वाटतं. पण सांधा दाखवायला मी त्यानंतर कोणाला नेलं नाही. नेलं तर आधी वर ग्रंथालयात, आणि मग जमलं तर छपरावर. तिथे वर जाता येतं, त्या रथाच्या पायाशी. रथातली बाई म्हणजे ब्रुनोनिया, गावाची देवी. खाली बघितलं की घोडे पाठमोरे दिसतात आणि पुढे गाव, बेटं आणि समुद्र दोन्ही.

बाबा जुलैत परत गेले. जाताना तुर्की आजोबांना त्यांनी लक्ष्मी रोडवरून आणलेली, न वापरलेली बंडी दिली. त्यांनी याला सुक्या अंजिरांचा डबा दिला.

मग पुण्यात दीड वर्ष भांडणं झाली. ओट्याला बिल्डर नाही म्हणाला, कारण तळमजला सगळा पार्किंगला गेला होता. ओटा हवा तर दुचाकीच्या दोन जागा जाणार. काका म्हणाले, आजच्या दिवसात कोण बसतंय ओट्यावर? चुलतभाऊ म्हणाला, लोक रात्री बसून दारू पितील. बाबांनी आमच्या वाटणीच्या दोन्ही दुचाकी-जागा सोडून दिल्या. मला विचारलं नाही, कळवलं. शेवटी गेटच्या उजव्या हाताला सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद असा एक दगडी ओटा झाला. जुन्याच ओट्याच्या फरशा आहेत. नव्या पांढऱ्या भिंतीपुढे काळ्याशार दिसतात, ठिगळासारख्या.

दार लॉबीत बसलं नाही, चित्र काढताना कोणी मापच घेतलं नव्हतं. आता त्याची एक फळी कापून-तासून मीटर-रूमला लावली आहे. उघडते, मिटते. वायरमन येतो तेव्हा शिव्या घालतो, कारण कडी फार जड आहे.

ओट्यावर हल्ली जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं बसतात. दोन ऑर्डरींच्या मध्ये दहा मिनिटं हेल्मेट बाजूला ठेवून फोन बघत. समोरच्या दुकानातल्या आजी संध्याकाळी येतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे पसंत नाही. त्यांनी पाटी करून आणली आहे: 'येथे बसू नये. ही खाजगी मालमत्ता आहे. अपमान झाल्यास सोसायटी जबाबदार नाही.' पुढच्या रविवारी सभेत त्यावर मतदान आहे. बाबांनी भाषण लिहून ठेवलंय. साडेचार पानांचं आहे आणि काल फोनवर मला पूर्ण वाचून दाखवलं. त्यात ब्राउनश्वाइगचा उल्लेख दोनदा येतो, एकदा चुकीच्या सालासकट. मी दुरुस्त केलेला नाही.